साथीच्या दिवसांत घर पुसताना : काय, कशाने आणि किती?

साथ आली की घराघरांत पुसापुशी सुरू होते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले. पुढच्या काही आठवड्यांत दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जाऊ लागल्या, पेपर बंद झाले, नोटांवरून इस्त्री फिरली, भाजी दिवसभर उन्हात पडून राहिली. भीती खरी होती आणि माहिती तुटपुंजी होती. आता ती बरीच जमा झाली आहे. विषाणूची पुढची साथ येईल तेव्हा घरातली कोणती जागा, कशाने आणि किती वेळा पुसायची हे आधीच ठाऊक असावं, म्हणून हा लेख. सांगायचं ते थोडक्यात एवढंच : रोग कोणत्या वाटेने पसरतो ते आधी समजून घ्या आणि मेहनत त्या वाटेवर खर्च करा.

## वस्तूंवर विषाणू किती टिकतो?

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोविडचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत जिवंत सापडतो, असं त्यात दिसलं. ७२ तासांचा हा आकडा जगभर पसरला आणि घरातली प्रत्येक वस्तू संशयित ठरली.

त्याच प्रयोगातला दुसरा आकडा मात्र मागे पडला. स्टीलवर आणि प्लॅस्टिकवर साधारण दर सहा तासांनी विषाणूचं प्रमाण निम्म्यावर येत होतं. म्हणजे एका दिवसात ते सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येतं. शिवाय प्रयोगशाळेत वस्तूवर मुद्दाम भरपूर विषाणू सोडलेला असतो. खोकताना दाराच्या कडीवर पडणाऱ्या थेंबांत तो सहसा त्याहून कितीतरी कमी असतो. जिवंत पेशीबाहेर विषाणू वाढत नाही, त्याची फक्त घटच होते. ऊन आणि उष्णता ती घट आणखी वेगाने घडवतात.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने उपलब्ध पुरावा एकत्र मांडला. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असा तिचा निष्कर्ष होता. हा रोग मुख्यतः श्वासातून, बंद आणि कोंदट जागेत पसरत होता. म्हणून कोविडसारख्या साथीत पुसण्याच्या आधी खिडक्या उघडण्याचा क्रमांक लागतो.

## मुंबई-पुण्याचा जुना अनुभव

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचं निदान झालं. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ते केलं. त्यानंतर गटारं आणि घरं कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला. पुण्यात १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या सैनिकांनी घरात शिरून सामान बाहेर काढलं, जाळलं. त्या जुलमाचा शेवट रँडच्या हत्येत झाला. पण एवढं सगळं चाललं होतं तेव्हा रोगाची खरी वाट उजेडात आलेलीच नव्हती. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं.

प्लेग जिवाणूचा, कोविड विषाणूचा. धडा मात्र दोन्हींना लागू आहे. वाट चुकली की कितीही औषध ओता, माणसं हैराण होतात आणि रोग चालूच राहतो. २०२० मध्येही उत्तर प्रदेशातल्या बरेलीला, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावं लागलं, की माणसांवर असं रसायन फवारू नका. त्याने अपायच होतो.

## आधी धुवा, मग औषध लावा

स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. ओट्यावर तेलाचा चिकट थर असेल आणि त्यावरच ब्लीचचं पाणी फिरवलं, तर त्यातला बराचसा क्लोरीन त्या मळातच संपतो. खाली लपलेल्या विषाणूपर्यंत तो पोचत नाही. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मगच जंतुनाशक.

बऱ्याच वेळा पहिल्या पायरीवरच काम भागतं. कोविड आणि फ्लू यांच्या विषाणूंवर चरबीचं पातळ वेष्टन असतं. साबणाचे रेणू त्या चरबीत घुसून ते वेष्टन फोडतात आणि विषाणू निकामी होतो. घरात कुणी आजारी नसेल, तर रोजच्या साबणाने किंवा भांड्यांच्या लिक्विडने पुसणं पुरेसं आहे. जंतुनाशकाची गरज घरात रुग्ण असेल किंवा गेल्या चोवीस तासांत येऊन गेला असेल तेव्हा लागते.

## विषाणू कोणता, त्यावर औषध ठरतं

सगळे विषाणू असे नाजूक नसतात. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस, लहान मुलांचा रोटाव्हायरस, काविळीचा हिपॅटायटिस ए यांच्यावर चरबीचं वेष्टन नसतं. ते वस्तूंवर चिवटपणे टिकतात आणि हातातून तोंडात जातात. नोरोव्हायरस तर सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. अशा साथीत संडास, मोरी, नळ आणि स्वयंपाकघर पुसण्याचं महत्त्व खूप वाढतं. तिथे ब्लीच हवं, आणि हात साबणानेच धुवायला हवेत.

अल्कोहोल घ्यायचं तर ७० ते ९० टक्क्यांचं. शुद्ध अल्कोहोल जास्त प्रभावी असेल असं वाटतं, पण ते झटकन उडून जातं आणि विषाणूची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ ते वापरू नका. फिनेलच्या बाबतीत वासावर जाऊ नका. बाटलीवर घटक, पाण्याचं प्रमाण आणि विषाणूंचा उल्लेख आहे का ते वाचा.

## ब्लीचचं पाणी कसं करायचं?

बाजारातलं घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. घरातल्या पृष्ठभागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडकाळात ०.१ टक्का द्रावण सुचवलं होतं. एक लिटर द्रावणासाठी प्रमाण असं :

• बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर २५ मिलिलिटर ब्लीच
• ५ टक्के असेल तर २० मिलिलिटर
• १० टक्के असेल तर १० मिलिलिटर

मोजायला खोकल्याच्या औषधाचं १० मिलिलिटरचं टोपण चालतं. ५ टक्क्यांच्या ब्लीचची दोन टोपणं घ्या. ते टोपण पुन्हा औषधासाठी वापरायचं नाही, त्यावर खूण करून बाजूला ठेवा. आधी बादलीत गार पाणी घ्या, मग त्यात ब्लीच ओता, म्हणजे अंगावर उडणार नाही. गरम पाणी नको, त्यात ब्लीचचा जोर कमी होतो. द्रावण रोज ताजं करा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. मुलं ते पिऊ शकतात.

पुसल्यावर जागा किमान एक मिनिट ओली राहिली पाहिजे. नोरोव्हायरससारख्या चिवट विषाणूसाठी पाच मिनिटं किंवा जास्त. पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. धातूवर आणि जिथे अन्न ठेवतो त्या जागेवर नंतर साध्या पाण्याचा हात फिरवा.

## हात जिथे जातो, तिथे फडकं जाऊ द्या

भिंती, छत, अंगण आणि रस्ता सोडून द्या. अनेक हात लागतात त्या जागा मोजक्याच असतात : दाराची कडी, बेल, दिव्यांची बटणं, नळाची तोटी, फ्रिजचं हँडल, रिमोट, मोबाइल, जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण. रुग्ण नसेल तर दिवसातून एकदा पुरे.

फडक्याची चौपदरी घडी करा. एका बाजूने कडी पुसा, घडी उलटून दुसरी बाजू बेलला, मग उलगडून आतली बाजू बटणांना. एकाच मळक्या बाजूने घरभर फिरलात तर इथली घाण तिथे नेता. दिव्यांच्या बटणांवर काहीही फवारू नका. घट्ट पिळलेलं फडकंच वापरा. मोबाइल बंद करून अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा.

चाळीत किंवा वस्तीत संडास सामायिक असतो, तिथे आतली कडी, नळ आणि टमरेलाचा कान या तीन जागा महत्त्वाच्या. त्या दिवसातून अनेकदा पुसण्याची पाळी लावा, दाराबाहेर साबण ठेवा आणि झडप उघडी राहू द्या. कोंदट संडासात हवेतूनही धोका असतो.

फळं आणि भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. साबण, डिटर्जंट किंवा जंतुनाशक त्यांना लावायचं नाही. ते पोटात जातं.

## घरात रुग्ण असेल तर

शक्य असेल तर वेगळी खोली द्या आणि तिची खिडकी उघडी ठेवा. रुग्ण स्वतः पुसू शकत असेल तर पुसायचं सामान त्याच्याच खोलीत द्या, म्हणजे दुसऱ्याला आत जावं लागणार नाही. दुसऱ्या कुणाला जायचंच असेल तर मास्क लावून, हवा खेळती करून जा. संडास एकच असेल तर रुग्णाने सगळ्यांनंतर वापरावा आणि मग तो पुसावा. कपडे झटकू नका; साबण आणि गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. भांडी टाकून देण्याची गरज नाही, नेहमीचा भांड्यांचा साबण पुरतो.

## हे कधीच एकत्र करू नका

ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर मिसळलं तरी तोच वायू बनतो, आणि अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरसोबत दुसरा विषारी वायू. एकाने भागलं नाही म्हणून वर दुसरं ओतणं, हीच धोक्याची सवय आहे. डोळे चुरचुरले, ठसका लागला तर तिथलं सगळं तसंच सोडा, मोकळ्या हवेत या, आणि श्वास जड वाटला तर थेट दवाखाना गाठा.

## पुसणाऱ्याची काळजी

बहुतेक घरांत हे काम एकाच बाईच्या वाट्याला येतं. आई, सून किंवा घरकामाला येणारी ताई. ब्लीचने तिच्याच बोटांची सालं निघतात आणि वाफ तिच्याच छातीत जाते. ताईंना रबरी हातमोजे तुमच्या खर्चाने द्या, कोणत्या बाटलीत काय आहे ते नीट सांगा, आणि घरात रुग्ण असेल तर त्यांना भरपगारी सुटी द्या. घरातल्या घरात पुसायची पाळी वाटून घ्या. साथ महिनोन्‌महिने चालते. खिडक्या, साबणाने धुतलेले हात आणि आठ-दहा जागांवर रोज एकदा फडकं, एवढं घरातल्या सगळ्यांनी मिळून तितके दिवस निभावता येतं.