‘होत नाही’, ‘करवत नाही’ आणि ‘करीत नाही’ : नियमित व्यायामातील अडथळ्यांचा विचार

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या सुशिक्षित, पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थास व्यायामाविषयी विचारले असता मिळणाऱ्या उत्तराचा साचा बहुधा ठरलेला असतो. “व्यायाम होत नाही” किंवा “वेळच भेटत नाही.” वऱ्हाडी बोलीत ‘मिळणे’ या अर्थी ‘भेटणे’ हे क्रियापद रूढ आहे. वेळ जणू वाटेत भेटणारा पाहुणा. तो भेटला तर ठीक, न भेटला तर माणसाचा काय दोष? पहिल्या वाक्यात ‘व्यायाम’ हा कर्ता आहे, दुसऱ्यात ‘वेळ’ हा कर्ता आहे. ज्याने व्यायाम करावयाचा, तो मात्र दोन्ही वाक्यांतून अदृश्य झालेला आहे.

या निरीक्षणावरून भाषा माणसाचे वर्तन ठरविते असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि, मराठीत एकाच नकाराची तीन रूपे उपलब्ध आहेत आणि अडथळ्यांचे वर्गीकरण करण्यास ती उपयोगी पडतात. ‘माझे चालणे होत नाही’ यात परिस्थितीचा अडथळा सूचित होतो. ‘मला चालवत नाही’ हे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) चर्चिलेल्या शक्य क्रियापदाचे उदाहरण होय; त्यात सामर्थ्याचा अभाव सांगितला जातो. ‘मी चालत नाही’ यात केवळ वर्तनाचे, कधी निश्चयाचे कथन असते. व्यवहारात ही तिन्ही रूपे एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यामुळे उपाय चुकतो. परिस्थितीच्या अडथळ्यावर मनोनिग्रहाचा उपदेश निष्फळ ठरतो, तर अनिच्छेवर वेळापत्रकाचा उपाय लागू पडत नाही.

प्रश्न कोणाचा आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कपाशीच्या शेतात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या स्त्रीस ‘रोज अर्धा तास फिरा’ असे सांगणे हा तिच्या श्रमांचा उपहासच होईल. प्रश्न आहे तो शेतातून उठून खुर्चीवर बसलेल्या वर्गाचा, म्हणजे शिक्षक, कारकून, दुकानदार आणि संशोधक विद्यार्थी यांचा. यांतील अनेकांच्या घरी शारीरिक कष्ट एका पिढीपूर्वीपर्यंत दैनंदिन होते. कष्टांचा वारसा सुटला, जेवणाचा वारसा मात्र टिकला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पाहणीतील शेकडा ५४.४ व्यक्ती शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय आढळल्या; फावल्या वेळात व्यायाम वा खेळ करणारे शेकडा १० देखील नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा २४ व पुरुषांपैकी सुमारे शेकडा २३ यांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे दिसून आले.

आता ‘होत नाही’ या पहिल्या गटाकडे वळू. यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा पायांस चिकटतात. स्त्रियांच्या बाबतीत पहाटेचा अंधार, सुरक्षिततेची चिंता आणि सकाळचा स्वयंपाक हे अडथळे आणखी भर घालतात. ही कारणे खरी आहेत. मात्र ती ऋतूची व जागेची आहेत, वर्षभराची नाहीत. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या प्रकरणात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, असा विवेक सांगितला आहे. ऋतू बदलला की व्यायाम सोडावयाचा नसून त्याचे प्रमाण व स्थान बदलावयाचे, हा त्यातील ग्राह्य भाग होय. उन्हाळ्यात मैदानाऐवजी घराची ओसरी, फिरण्याऐवजी सूर्यनमस्कार व बैठका हा बदल कोणत्याही खर्चाविना होऊ शकतो.

वेळेचा अडथळा याच गटातील; परंतु त्याची उकल निराळी आहे. वेळ ‘शोधू’ गेल्यास ती सापडत नाही. तिला एखाद्या ठरलेल्या घटनेशी बांधावे लागते. मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेला विचार असा की, ‘मी व्यायाम करीन’ या सर्वसाधारण संकल्पापेक्षा ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ असा संकल्प अधिक वेळा तडीस जातो. मराठीस ही रचना परकी नाही. ‘चहा झाला की फिरायला निघायचे’, ‘मुले शाळेत गेली की नमस्कार घालायचे’ या वाक्यांतील ‘की’ हा लहानसा शब्द दोन क्रियांची गाठ मारतो. संकल्प असा ‘की’ने बांधलेला असावा.

दुसरा गट ‘करवत नाही’ असे म्हणणाऱ्यांचा. गुडघेदुखी, दमा, हृदयविकार किंवा दीर्घकाळच्या बैठकीमुळे आलेला अशक्तपणा ही कारणे दुर्लक्षणीय नाहीत. अशा व्यक्तीने वैद्याचा सल्ला घेऊनच आरंभ करावा. परंतु पुष्कळदा ‘करवत नाही’ याचा अर्थ ‘पहिल्या दिवशी फार केले’ एवढाच असतो. तालमीच्या परिभाषेतील शब्द येथे बोलके आहेत. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिकवण असा आहे. तालीम ही शिकण्याची गोष्ट असल्याने तीत क्रम असतो. पहिल्याच दिवशी कोणी शंभर जोर काढीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम सुचविला. त्याच वेळी, एका वेळी किमान दहा मिनिटे तरी व्यायाम झालाच पाहिजे ही पूर्वीची अट वगळण्यात आली. पाच मिनिटांचे चालणेही हिशेबात धरले जाते, ही गोष्ट नवशिक्यास मोठा आधार देणारी आहे.

‘करीत नाही’ हा तिसरा गट सर्वांत अवघड, कारण त्यातील कारणे सहसा उच्चारली जात नाहीत. त्यांतील पहिले कारण लोकांच्या बोलण्याचे भय होय. कष्टकरी गावात विनाकारण चालणारा माणूस ‘रिकामटेकडा’ ठरतो. लठ्ठपणास ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुकाचे विशेषण मिळते, उलट प्रयत्नपूर्वक चार किलो वजन उतरविणाऱ्यास “काहून जी, वाळले?” असा काळजीचा प्रश्न ऐकावा लागतो. आपल्या भाषेत कृशतेसाठी ‘वाळणे’, ‘खंगणे’, ‘रोडावणे’ असे शब्द आहेत व त्या सर्वांस आजाराची छाया आहे. दुष्काळ आणि रोगराई पाहिलेल्या समाजाची ही शब्दसंपत्ती आहे. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मात्र प्रश्न विचारणारा मनुष्य जुन्या अनुभवाने बोलत आहे, एवढे ओळखले तरी त्या प्रश्नाची धार बोथट होते. एकट्याने ऐकावयाचे बोल चौघांत सुसह्य होतात, हाही अनुभव आहे. शेजारच्या अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. व्यायाम ही तेथे सामुदायिक व प्रतिष्ठेची गोष्ट झाली आणि १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करण्यापर्यंत गेले. एवढी झेप आवश्यक नाही. रोज सोबत चालणारे दोघे-तिघे पुरेसे आहेत.

आहाराचा अडथळाही मुख्यतः सामाजिक आहे. पंगतीत ‘आग्रह’ हा यजमानाचा धर्म समजला जातो व नकार हा अपमान. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उपवासाच्या साबुदाणा, शेंगदाणे व बटाटे यांच्या मेजवानीस नेमकी लागू पडते. व्यायामाने खर्च होणारी शक्ती एका वाढीव वाढपात सहज भरून निघते. म्हणून केवळ चालण्यावर भिस्त ठेवून वजन उतरण्याची वाट पाहणारा बहुधा निराश होतो. ताट निराळे वाढून घेणे, दुसऱ्यांदा घेण्यापूर्वी थोडे थांबणे, डाळ व भाजीचे प्रमाण वाढविणे हे साधे उपाय अधिक टिकतात.

निराशेचे आणखी एक कारण म्हणजे काट्यावरील आकडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिकांचे शेकडा २१.२ आणि युडकिन यांचे शेकडा ९.१ होते. वजन ‘योग्य’ असूनही मेद अधिक असू शकतो, हे यावरून उघड होते. उलटपक्षी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या मधुमेह-प्रतिबंधक प्रयोगात आहार व व्यायाम सुधारणाऱ्या गटाच्या वजनात लक्षणीय घट झाली नाही. तरीही तीन वर्षांत मधुमेहाचा धोका शेकडा २८.५ ने उतरला. काटा हलला नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. कमरेचा घेर, जिना चढताना लागणारी धाप व रक्तातील साखर ही अधिक विश्वसनीय मापे होत.

शेवटचा अडथळा ‘खाड्या’चा. संस्कृत ‘नियम’ मराठीत ‘नेम’ होऊन आला तो व्रताचे वलय घेऊन. व्रत एकदा मोडले की संपले, ही भावना त्यास चिकटलेली आहे. लग्नसराईत वा सुगीत चार दिवसांचा खाडा पडला की ‘नेम मोडला’ असे म्हणून पुष्कळ जण व्यायामास कायमची रजा देतात. लंडन येथे ९६ व्यक्तींच्या सवयींचा अभ्यास होऊन तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस लागतात, मध्यमान सुमारे ६६ दिवसांचे, आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा येत नाही, असे त्यात आढळले. खाडा हा नेमाचा अंत नव्हे. तो हजेरीपटावरील एक रिकामी चौकट आहे. पुढील चौकट भरावयाची असतेच.

तात्पर्य, आपला अडथळा कोणत्या रूपाचा आहे हे प्रथम प्रामाणिकपणे ठरविले पाहिजे. ‘होत नाही’ यास स्थळ, काळ व ‘की’ची गाठ हवी, ‘करवत नाही’ यास क्रम हवा, ‘करीत नाही’ यास सोबत हवी. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणाऱ्या विद्यार्थ्याने हे वर्गीकरण स्वतःस लावून पाहावे. ज्या दिवशी तो ‘आज व्यायाम झाला नाही’ याऐवजी ‘आज मी व्यायाम केला नाही, उद्या चहा झाला की करीन’ असे म्हणेल, त्या दिवशी वाक्यातून हरवलेला कर्ता परत आलेला असेल.