भर दुपारचे भूत आणि हातातला फोन

विद्यार्थ्याचे लक्ष पुस्तकावरून उडाले की दोष मोबाइलच्या माथी मारण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, मोबाइल येण्यापूर्वीची मुले एकचित्ताने अभ्यास करीत असावीत असा समज त्यातून नकळत तयार होतो. कॅथलिक धर्मपरंपरेतील जुने लेखन हा समज टिकू देत नाही. मन ठरलेल्या कामावरून का उठते, उठून कोठे जाते आणि जाताना कोणती सबब सांगते, याची बारकाईने केलेली निरीक्षणे या परंपरेत चौथ्या शतकापासून नोंदलेली आहेत, आणि आजच्या कॅथलिक विद्यार्थ्याच्या दिनक्रमाशी ती आश्चर्य वाटावे इतकी जुळतात.

हा विद्यार्थी महाराष्ट्रात पाहायचा तर वसईत पाहावा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेलेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकून घेतलेली ही भूमी. राज्ये बदलली तरी येथील ख्रिस्ती समाज वाड्यांमध्ये, केळीच्या आणि फुलांच्या बागांमध्ये तसाच राहिला, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलत राहिला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिल्यावर मराठीतून मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना, ऐकू लागला. १९९८ मध्ये वसईला स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील क्षेत्र, मिळाले. येथील महाविद्यालयीन मुलाचा किंवा मुलीचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो, व्याख्याने आणि क्लास यांत संपत येतो, आणि अनेक घरांत अजूनही संध्याकाळच्या जपमाळेपाशी येऊन थांबतो. जपमाळेत दहा-दहा मण्यांच्या पाच गटांवर मरियामातेला वंदन करणारी एकच प्रार्थना पन्नास वेळा म्हटली जाते आणि प्रत्येक गटाबरोबर ख्रिस्ताच्या किंवा मरियामातेच्या चरित्रातील एका प्रसंगाचे मनन करायचे असते. हे सारे पंधरा-वीस मिनिटांचे काम. पण टेबलावर उताणा ठेवलेला फोन तेवढ्या वेळात दोन-तीनदा उजळतोच, आणि तोंडाने प्रार्थना चालू असताना डोळे तिकडे वळतात.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकट्याने राहणाऱ्या संन्याशांमध्ये इव्हाग्रियस हा विद्वान होता. माणसाला छळणाऱ्या आठ कुविचारांची त्याने जी मांडणी केली, तिच्यात ‘अकेडिया’ या ग्रीक नावाचा एक विचार आहे. मराठीत त्याला आळस म्हटले तर अर्थ निम्मा होतो. हाती घेतलेल्या कामाचा, बसल्या जागेचा आणि चालू क्षणाचा आलेला वीट, असे काहीसे त्याचे स्वरूप आहे. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार संन्याशावर चाल करून येतो आणि दुपारी दोनपर्यंत वेढा उठवत नाही, म्हणून बायबलमधील स्तोत्राच्या आधाराने त्याला मध्यान्हीचे भूत असे नाव पडले. भर दुपारी बाराच्या ठोक्याला पिंपळाखाली जाऊ नको, असे बजावणाऱ्या कोकणातल्या आजीला हे नाव परके वाटणार नाही. इव्हाग्रियसने वर्णन केलेला संन्यासी सूर्य पुढे सरकतच नाही म्हणून कंटाळतो, सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो, कोणी बंधू भेटायला येत आहे का ते न्याहाळतो, आणि मग आपली कोणालाच पर्वा नाही असे त्याला वाटू लागते. खिडकीच्या जागी पडदा आणि येणाऱ्या बंधूच्या जागी संदेशाची खूण कल्पिली तर या वर्णनातला एकही तपशील बदलावा लागत नाही.

हाच विचार लॅटिन युरोपात नेणाऱ्या जॉन कॅसियनने त्याला आणखी एक धूर्त वळण असल्याचे दाखवले. कंटाळलेल्या संन्याशाला नुसते हिंडायला जावेसे वाटत नाही. आपण एखाद्या आजाऱ्याची विचारपूस करायला जावे, नातलगांना मदत करावी, असे त्याला वाटू लागते. म्हणजे कामावरून उठण्यासाठी मन पुण्याची सबब शोधते. विचलनाविषयीच्या आजच्या लेखनात ही बाजू फारशी येत नाही, कारण तेथे एका बाजूला अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला करमणूक अशी सोपी विभागणी गृहीत धरलेली असते.

करमणुकीलाही जुना इतिहास आहे, हे येथे सांगितले पाहिजे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात संत ऑगस्टीन कबुली देतो की, शेतातून सशाच्या मागे धावणारा कुत्रा दिसला की हाती घेतलेले चिंतन सुटते, आणि घरी बसले असताना माशी पकडणारी पाल किंवा जाळ्यात किडा गुंडाळणारा कोळीही त्याला खिळवून ठेवतो. पाल आणि माशी यांचा तो अर्ध्या मिनिटाचा खेळ आज कोणी चित्रित करून रील म्हणून टाकला तर लाखो लोक तो पाहतील. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने हाच धागा धरून दोन संज्ञा वेगळ्या केल्या : ‘स्तुदिओसितास’ म्हणजे ज्ञानाच्या ओढीला लगाम घालून ती योग्य विषयाकडे नेणारी अभ्यासशीलता, आणि ‘कुरिओसितास’ म्हणजे लगाम नसलेली हावरी उत्सुकता. अभ्यासशीलतेची चर्चा त्याने बुद्धीच्या सद्गुणांत न करता संयमाच्या प्रकरणात केली आहे, हे विशेष; जेवणाची जशी भूक लागते तशी माहितीचीही भूक लागते आणि दोन्हींचे अजीर्ण होते, असा त्यामागचा विचार असावा. जे शिकणे आपले कर्तव्य आहे ते सोडून कमी उपयोगाचे काही शिकत बसणे हा हावऱ्या उत्सुकतेचा एक प्रकार तो सांगतो, आणि शुभवर्तमान बाजूला ठेवून विनोदी नाटके वाचणाऱ्या धर्मगुरूंचे जुने उदाहरणही देतो.

मग नवे काय आहे, तर ऑगस्टीनच्या पालीला त्याचे लक्ष नको होते. फोनला ते हवे असते. जुन्या छापील पानाला शेवट असे आणि शेवटापाशी वाचणाऱ्याला थांबण्याची आयती जागा मिळे. बोट सरकवत राहिले की खाली नवे काही येतच राहते अशी रचना २००६ च्या सुमारास ॲझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने तयार केली. पुढे त्याने तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात दर वेळी काहीतरी आवडण्याजोगे मिळतेच असे नाही, आणि नेमके तेच चिकटवून ठेवते. कळ दाबल्यावर दाणा कधी मिळेल कधी मिळणार नाही अशी व्यवस्था केली की प्राणी ती कळ अधिक चिवटपणे दाबत राहतात, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून फार पूर्वीच स्पष्ट झाले होते. मुलाच्या मनाच्या दुबळेपणावर बोट ठेवणाऱ्या पालकांनी आणि धर्मगुरूंनी हा पक्ष विसरू नये. वाळवंटातल्या संन्याशाच्या खिडकीबाहेर माणसे नेमून कोणी त्याला खुणावत नव्हते.

तरीही कॅसियनने दाखवलेली पुण्याची सबब हाच या विषयाचा गाभा ठरतो, आणि तो सर्वांत स्पष्टपणे उलगडतो येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या विद्यार्थिदशेत. लढाईत पाय जायबंदी होऊन जीवनाची दिशा बदललेला हा बास्क सरदारपुत्र १५२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात लॅटिनचे प्राथमिक व्याकरण शिकायला बसला. रूपे पाठ करू लागला की त्याच्या मनात आध्यात्मिक विषयांचे नवे आकलन आणि विलक्षण गोडी उसळून येई, आणि पाठांतर राहून जाई. ते त्याला प्रथम ईश्वरी देणगीसारखे वाटले. परंतु प्रार्थनेला बसल्यावर किंवा मिस्सेच्या वेळी असे स्पष्ट आकलन कधीच होत नाही आणि व्याकरणाच्या वेळी मात्र हटकून होते, हे लक्षात आल्यावर त्याने त्याला सरळ मोह ठरवले. मग आपल्या शिक्षकाला घराजवळच्या सांता मारिया देल मार या चर्चमध्ये बसवून त्याने सारी हकिगत सांगितली आणि वचन दिले की, बार्सिलोनात पोटापुरते भाकरी-पाणी मिळत आहे तोवर येती दोन वर्षे तो एकही पाठ चुकवणार नाही. भक्तीचा उमाळाही अवेळी आला तर विचलनच, हा निर्णय भावी संताने स्वतःच्या भक्तीविरुद्ध दिला, यातले धैर्य सहज लक्षात येत नाही. पुढे पॅरिसला त्याने एम. ए.ची पदवी मिळवली आणि तेथेच त्याच्या खोलीत राहणाऱ्यांपैकी एक होता फ्रान्सिस झेवियर, ज्याचे शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकात आहे.

वसईच्या विद्यार्थ्याचा फोन इग्नेशियसच्या या कसोटीवर तपासला तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. त्यात सकाळचे बायबलवचन असते, गायनवृंदाच्या सरावाचा ग्रुप असतो, युवासंघाच्या शिबिराचे नियोजन असते, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेसाठी प्रार्थनेची विनंती असते; २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना मिस्सादेखील याच पडद्यावर आली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या संदेशात इंटरनेटला देवाची देणगी मानले, आणि तरुणांना उद्देशून २०१९ मध्ये काढलेल्या पत्रकात त्याच जगातील एकटेपणा आणि हेराफेरी यांबद्दल सावधही केले. त्यामुळे फोन वाईट आणि चर्च चांगले अशी वाटणी चालत नाही. प्रार्थनेची विनंती वाचायला उघडलेला फोन चाळीस मिनिटांनी क्रिकेटच्या चित्रफितीवर सापडतो, आणि उघडताना सबब खरोखरच चांगली होती.

या गुंत्यात बारावीचे वर्ष आणखी एक गाठ मारते. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चालणारा उपवासकाळ आणि फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाची परीक्षा बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. मांसाहार सोडण्याबरोबर इन्स्टाग्राम सोडण्याचा संकल्प करणारी मुले आता आढळतात. संकल्प बहुधा पहिल्या दहा दिवसांत एकदा तरी मोडतो आणि मोडल्यावर सगळाच सोडून दिला जातो. संत फ्रान्सिस डी सेल्स याने १६०९ मध्ये सामान्य गृहस्थांसाठी लिहिलेल्या भक्तिमार्गाच्या पुस्तकात नेमका यावर इलाज सुचवला आहे : भटकलेल्या मनाला दरडावू नये, त्याला हळुवारपणे परत जागेवर आणून बसवावे, आणि ते पुन्हा गेले तर पुन्हा आणावे. इग्नेशियसने शिकवलेले रात्रीचे आत्मपरीक्षणही याच वळणाचे आहे. त्यात आभार आधी येतात, चुकांची झडती नंतर, आणि शेवटी उद्याचा विचार. विरार लोकलमध्ये उभ्याने करता येईल इतके ते आटोपशीर आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत म्हणून घोषित झालेला कार्लो अक्युटिस हा इटालियन मुलगा या विषयात हटकून पुढे केला जातो. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या या मुलाने ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती एका संकेतस्थळावर गोळा केली होती. त्याच्या जीन्सचे आणि बुटांचे कौतुक जरा जास्तच होते. त्यापेक्षा उपयोगाचा तपशील असा की, व्हिडिओ गेम आवडत असूनही त्याने त्यासाठी आठवड्याला एकच तास ठेवला होता.

मन भटकण्याची लाज मात्र संतांनाही फार वाटलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील लिझ्यूची तेरेसा, जिला चर्चने धर्मपंडितेचा मान दिला, जपमाळ म्हणणे आपल्याला जड जाते हे मोकळेपणाने लिहून गेली. प्रार्थनेत ज्या माणसांचे विचार येत, त्यांच्यासाठीच ती प्रार्थना करू लागे. वसईच्या घरांत ही युक्ती ग्रंथाशिवायही चालते. जपमाळेचा तिसरा गट चालू असतो, फोन उजळतो, नातवाचा आवाज मागे पडू लागतो. आजी डोळे उघडत नाही, काही बोलत नाही, फक्त आपला आवाज एक पट्टी वर चढवते, आणि पुढच्या मण्याला त्याचाही आवाज तिच्यात येऊन मिळतो.