सत्यान्वेष्याचा गतकाल

रहस्यकथेचा स्वभावच मुळी गतकालाभिमुख आहे. कथा सुरू होते तेव्हा गुन्हा घडून गेलेला असतो. पुढे जे घडते ते त्या घडलेल्याचे उलट दिशेने केलेले वाचन होय. त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ मध्ये या वाङ्मयप्रकाराची मीमांसा करताना त्यात एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची अशा दोन कथा नांदतात, असे दाखविले. त्याने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. पारंपरिक रहस्यकथेत शोधक हा जणू अवध्य असतो. ज्या घटनांचा तो उलगडा करतो, त्या त्याला स्वतःला स्पर्श करीत नाहीत. हे मान्य केले, तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. शोधाचा विषय जेव्हा शोधकाचाच गतकाल होतो, तेव्हा या अवध्यतेचे काय होते?

लोकप्रिय परंपरेने हा प्रश्न बहुधा टाळलेलाच आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या, किंवा बंगळुरूच्या एन. नरसिंहय्या यांनी कन्नड वाचकांना दिलेला पत्तेदार पुरुषोत्तम घ्या. वाचक त्यांना त्यांच्या बालपणाविषयी विचारीत नाही, त्यांच्या पुढच्या साहसाची वाट पाहतो. याला अपवाद आहेत. कॉनन डॉइलने १८९३ सालच्या ‘ग्लोरिया स्कॉट’ या कथेत होम्सचा पहिला शोध होम्सच्याच तोंडून वदविला आहे. परंतु तेथेही होम्सच्या अंतःकरणाविषयी हाती फारसे लागत नाही. कळते ते एवढेच, की छंदाचा व्यवसाय कसा झाला.

या प्रश्नाची सर्वांत समृद्ध भारतीय मांडणी आढळते ती शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या व्योमकेश बक्षीत. हा बंगाली लेखक १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आला आणि १९५२ मध्ये चित्रपटव्यवसाय सोडून पुण्यात स्थायिक झाला. व्योमकेशाच्या उत्तरकालीन कथा लिहिल्या गेल्या त्या मुठेच्या काठी. देशभरच्या प्रेक्षकांना हा नायक परिचित झाला तो बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९९३ पासून दूरदर्शनवर आलेल्या हिंदी मालिकेतून. तीत रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र आणि निवेदक अजित, तर मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी सत्यवती झाल्या होत्या.

येथे लेखनक्रमाची एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. १९३२ मध्ये शरदिंदूंनी प्रथम लिहिली ती ‘पथेर काँटा’. त्यानंतर ‘सीमंत हीरा’. हा नायक पुढेही चालवावयाचा असे ठरल्यावर मग त्यांनी ‘सत्यान्वेषी’ लिहिली आणि तीत अजित व व्योमकेश यांच्या पहिल्या भेटीची हकीकत सांगितली. म्हणजे नायकाचा आरंभ हा लेखनदृष्ट्या मागाहून रचलेला आहे. मालिकेने मात्र ‘सत्यान्वेषी’ हाच पहिला भाग केला. यात कालक्रमाची सोय झाली, हे खरेच. परंतु एक सूक्ष्म लाभही झाला. या कथेत व्योमकेश अतुल या खोट्या नावाने एका खाणावळवजा मेसमध्ये राहावयास येतो. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी नवख्या प्रेक्षकाला हा तरुण कोण, हे अजितइतकेच अज्ञात असू शकत होते. पुढे मालिका पुन्हा दाखविली गेली तेव्हा ही अनभिज्ञता उरली नव्हती. पृष्ठावरचे वेषांतर शब्दांवर टिकते, पडद्यावरचे चेहऱ्यावर. आणि चेहरा एकदा ओळखीचा झाला की तो अनोळखी करता येत नाही.

या पहिल्या कथेतील गुन्हेगार म्हणजे मेसचे चालक, होमिओपॅथीचे डॉक्टर अनुकूलबाबू. सालस वागणुकीच्या आड ते कोकेनचा व्यापार करीत असतात. पुढे ‘उपसंहार’ या कथेत, आणि मालिकेतील त्याच नावाच्या भागात, शिक्षा भोगून सुटलेले हे गृहस्थ सूड घेण्यासाठी परत येतात. नायकाच्या गतकालाकडे वळण्याची ही रीत विचारात घेण्याजोगी आहे. गतकाल येथे स्मृतीच्या रूपाने येत नाही. तो प्रतिपक्षी म्हणून दार ठोठावतो. व्योमकेशाच्या एका यशाचे मूल्य इतक्या वर्षांनी मागितले जाते. शोधकाची अवध्यता येथे प्रथम भंगते. पण भंगते ती बाहेरून. संकट त्याच्या प्राणांवर आहे, अंतःकरणावर नाही.

अंतःकरणापर्यंत जाणारी कथा १९५५ सालची ‘आदिम रिपु’ होय. कलकत्त्यातील १९४६ च्या दंगलीनंतरच्या वातावरणात सुरू होऊन स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत येणाऱ्या या कथेत व्योमकेश अजितला आपले पूर्वायुष्य सांगतो. वडील शाळेत गणित शिकवीत आणि घरी सांख्यदर्शनाचे अध्ययन करीत. आई वैष्णव कुळातील, गोपाळाच्या पूजेत रमणारी. तो सतरा वर्षांचा असताना दोघेही क्षयाने गेले. पुढचे शिक्षण त्याने शिष्यवृत्तीच्या आधारावर केले. एवढेच. ना आक्रोश, ना आरोप. इतक्या वर्षांचा जिवलग मित्र असूनही अजितला हे तोवर ठाऊक नव्हते, यात या मौनाचे वजन कळते.

या संयमाचे महत्त्व कशात आहे? व्योमकेशाला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुचत नाही. तो स्वतःस सत्यान्वेषी म्हणवितो. सत्याचा शोध ही त्याने स्वीकारलेली वृत्ती आहे. मातापित्यांच्या मृत्यूने झालेल्या जखमेतून तो शोधक झाला, असे लेखकाने सुचविले असते, तर त्या वृत्तीचे एका दुखण्याच्या लक्षणात रूपांतर झाले असते. मग त्याने शोधलेल्या सत्यालाही त्या दुखण्याची शंका चिकटली असती. शरदिंदूंनी कार्यकारणाची ही साखळी जोडण्याचे नाकारले. गणित, सांख्य आणि वैष्णव भक्ती यांचा वारसा त्यांनी केवळ शेजारी ठेवून दिला. वाचकाला त्यातून तर्ककठोरता आणि करुणा यांचे नाते जाणवते. पण ते सिद्ध केले जात नाही.

आजच्या मालिका याच्या उलट वाटेने जातात. ‘इन्स्पेक्टर मॉर्स’ या गाजलेल्या ब्रिटिश मालिकेच्या नायकाचे तारुण्य सांगण्यासाठी २०१२ मध्ये ‘एंडेव्हर’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि ती २०२३ पर्यंत चालली. नायकाचा गतकाल हेच येथे कथाद्रव्य झाले. त्याच २०१२ साली बंगळुरूच्या लेखिका अनिता नायर यांची ‘कट लाइक वुंड’ ही इंग्रजी कादंबरी आली. तिचा नायक, इन्स्पेक्टर बोरेई गौडा, पन्नाशीच्या आसपासचा. पत्नी आणि मुलगा दूर राहतात, आणि हत्यांचा तपास चालू असतानाच महाविद्यालयीन दिवसांतील ऊर्मिला त्याच्या आयुष्यात परतते. ‘उपसंहार’मध्ये गतकाल शत्रू होऊन येतो, येथे तो प्रेम होऊन येतो. ही ऊर्मिला गौडाच्या पोलिसपणाचे कारण सांगावयास आलेली नाही. त्याने जे आयुष्य निवडले ते त्याला आजही मान्य आहे काय, हा प्रश्न तिच्या येण्याने उभा राहतो.

सोफोक्लीझच्या ईडिपसाने फार पूर्वी दाखवून दिले आहे, की शोधक आणि शोध्य एकच निघणे ही शोधकथेची परमावधी होय. प्रत्येक रहस्यकथेने तेथवर पोहोचावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु नायकाच्या पूर्वायुष्यात उतरणाऱ्या कथेचे किंवा मालिकेच्या भागाचे मूल्यमापन करताना एक निकष निश्चित हाती धरता येईल. जो गतकाल नायकाचे समर्थन करतो, तो त्याला लहान करतो. जो त्याची परीक्षा घेतो, तो त्याला माणूस करतो. व्योमकेशाने आपली हकीकत थोडक्यात आटोपली आणि तो पुन्हा कामाला लागला. त्याची खरी थोरवी त्या आटोपण्यात आहे.