हमरियाच्या उत्तरेला एक दिवस

डिसेंबरात राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी आली, की आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन दुबईच्या मॉलकडे वळतात. हमरिया फ्री झोन १९९५ सालचा. पण तिथून उत्तरेला, याच किनाऱ्यावर, दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मुंबईही भेटते.

पहिला थांबा उम्म अल क्वैन. जुन्या किल्ल्यातील संग्रहालयात अद-दूरच्या उत्खननातील वस्तू आहेत. (सुट्टीत ते उघडे असेल का, हे आधी विचारून घ्यावे.) इसवी सनाच्या पहिल्या शतकात अद-दूरला रोमन काच येत होती, भारताशीही व्यापार चाले.

पुढे रास अल खैमाच्या हद्दीत जझीरत अल हमरा हे मोती काढणाऱ्यांचे गाव. घरे समुद्रातल्या प्रवाळ-दगडांची. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. १९३० च्या सुमारास जपानी कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी यांनी हा धंदा बुडाला. १९६८ च्या सुमारास बहुतेक रहिवासी अबू धाबीला गेले.

शेवटी टेकडीवरचा धाया किल्ला. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८१९ मध्ये, मुंबईहून आलेल्या इंग्रजी फौजेने तो घेतला. वरून खजुरीच्या बागा आणि समुद्र दिसतो.

वेळ कमी असेल, तर निदान जझीरतच्या गल्ल्यांतून मुलांना फिरवून आणावे. रोजगार सरला की नांदते गाव कसे उठून जाते, ते तिथे दिसते. पोटापाण्यासाठी इथे आलेल्या आपल्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.