आकाशातला मानपान

लग्नकार्यातला मानपान अलीकडे कमी झाला, असे जुनी माणसे म्हणतात. विहिणीची पंगत निराळी बसत नाही, रुखवतावरून रुसवे होत नाहीत, आणि वरमाईचे पाय धुण्याचा सोहळा तर आता फोटोपुरताच उरला आहे. मला विचाराल तर मानपान कुठेही गेलेला नाही. तो मुक्काम हलवून विमानतळावर राहायला गेला आहे, इतकेच.

विमान सुटण्याच्या दारापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. "प्लॅटिनम आणि गोल्ड सदस्यांनी प्रथम यावे" अशी घोषणा होते. चार-सहा माणसे संथ पावलांनी, कुणाकडेही न पाहता, पण सर्वांनी आपल्याकडे पाहावे अशा बेताने पुढे जातात. बाकीची दीडशे माणसे, म्हणजे तुम्ही, मी, कडेवरचे मूल आणि पाण्याची बाटली सांभाळणारी त्याची आई, रांगेत उभी राहतात. वास्तविक विमान सगळ्यांना घेऊनच सुटायचे असते. पण मानाच्या पाटाला तर्काची गरज कधीच नव्हती.

हा पाट मांडला अमेरिकेने. तिथे १९७८ साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि कंपन्यांत भाडी उतरवण्याची चढाओढ लागली. आज या विमानाने तर उद्या त्या, असे प्रवासी फिरू लागले. त्यांना बांधून ठेवायचे कसे? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' नावाची योजना काढली: जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे जमले की एक तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सनेही तशीच योजना आणली. मग बाकीच्या कंपन्या मागे कशाला राहतील?

इथे वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळांचा गोंधळ याच जागी होतो. या योजनांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, खर्च करायचे पॉइंट. ही बँकेतल्या शिल्लकीसारखी वस्तू. साठवा आणि तिकिटासाठी वापरा. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. हा शाळेतल्या नंबरासारखा. यंदा पहिला आलात म्हणून पुढच्या वर्षीही पहिलेच, असे नाही. वर्ष संपले की पाटी कोरी आणि धावपळ पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या नंबराचे बक्षीस काय? एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून ज्या 'स्टार अलायन्स' या जागतिक संघात आहे, त्याचेच उदाहरण घेऊ. त्या संघाच्या गोल्ड सदस्याला साधे तिकीट असले तरी लाउंजमध्ये प्रवेश मिळतो, तोही एका पाहुण्यासह. वजनाच्या हिशेबाने सामान नेता येते तिथे वीस किलो जादा, नगाच्या हिशेबाने असेल तिथे एक नग जादा. चेक-इनची रांग वेगळी, आणि बॅगही पट्ट्यावर लवकर यावी अशी व्यवस्था. आणि सिल्व्हर सदस्याला? प्रतीक्षायादीत थोडे वरचे स्थान. संघापुरते पाहिले तर जवळजवळ एवढेच. म्हणजे ज्या पायरीवर बहुतेकांचा दम संपतो, तिथे फारसे काही वाढून ठेवलेले नाही.

हे सारे मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला होता.

माझी नोकरी फिरतीची. कारखान्यांत बसवलेली यंत्रे चालतात की नाही हे पाहायला दिल्ली, चेन्नई, कोलकाता असे फिरावे लागते. नोव्हेंबरअखेर एका विमान कंपनीचा निरोप आला की, गोल्ड होण्यास आपण अगदी थोडे कमी आहात. आमच्या हापिसातले एक स्नेही या शास्त्रातले जाणकार. त्यांनी आकडेमोड करून सांगितले, "दिल्लीच्या दोन फेऱ्या मारून या. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. झालात गोल्ड!"

"पण दिल्लीत माझे काहीच काम नाही."

"कामाचे कुणी विचारले? मी गेल्या डिसेंबरात गेलो, विमानतळावरच छोले-भटुरे खाल्ले आणि त्याच संध्याकाळी परत आलो."

विठोबाचे दर्शन न घेता केलेली ही वारी! याला इंग्रजीत 'माइलेज रन' म्हणतात आणि ती करणारे जगभर आहेत. अर्थात अशा उद्योगाला सरसकट वेडेपणा म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स नावाचे एक इंजिनियर अशाच उद्योगामुळे गाजले. १९९९ साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने वेष्टनांच्या बदल्यात विमानाचे मैल देऊ केले होते. यांनी पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले, सुमारे तीन हजार डॉलर मोजले आणि बारा लाखांहून अधिक मैल मिळवले. पुडिंग दान केले, त्यावर करातही सवलत घेतली. पण फिलिप्स यांनी आधी हिशेब केला आणि मग डबे उचलले, हे लक्षात ठेवण्याजोगे.

म्हणून मीही घरी हिशेबाची वही काढली. सौभाग्यवती समोर बसल्या. दोन फेऱ्यांचा खर्च, टॅक्सीसकट, सव्वीस हजार.

"आता मिळणार काय ते सांगा," सौ. म्हणाली. "आणि त्यांच्या जाहिरातीतली किंमत नको. तुम्ही स्वतःच्या खिशातून किती द्याल, ते सांगा."

ही अट मोठी कडक निघाली. लाउंजचा चहा-उपमा: पुढच्या वर्षीचे आठ प्रवास धरले आणि दर खेपेला चारशे, म्हणजे बत्तीसशे. जादा सामान: हापिसच्या दौऱ्यात माझे दोन शर्ट आणि एक दाढीचे सामान, तेव्हा शून्य. आधी विमानात चढणे: शून्य. विमान रद्द झाले तर आपल्याला आधी विचारतील, ही मात्र खरी उपयोगाची गोष्ट. विम्याचा हप्ता समजून पाच हजार. मार्चमध्ये मी लेकीकडे जर्मनीला जाणार होतो, त्या प्रवासाचे लाउंज आणि बॅग मिळून चार हजार. बेरीज बारा हजार दोनशे. तूट तेरा हजार आठशे.

तरीही मन वळत नव्हते. मी म्हटले, "अगं, पण जानेवारीत तुला जायचे आहे ना? तेव्हा सामान किती असेल!"

आमच्या लेकीचे पहिले बाळंतपण जानेवारीत होते. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी येई. आता माहेरच दुपटी, झबली, टोपडी, सुंठ आणि बाळंतशोपा घेऊन फ्रँकफुर्टला चालून जाते. सौ. एकटी पुढे जाणार होती; माझी रजा मार्चातली.

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "अहो, कार्ड कुणाच्या नावाचे?"

कार्ड माझ्या नावाचे. दर्जा माणसाला चिकटलेला असतो, कुटुंबाला नव्हे. साठलेल्या पॉइंटांतून बहुतेक योजनांत घरच्या माणसाचे तिकीट काढता येते, पण गोल्डचा मान उसना देता येत नाही. पाहुणा म्हणून लाउंजमध्ये न्यायचे तरी मी बरोबर हवा. म्हणजे जानेवारीत जिला खरी गरज, ती दुखऱ्या गुडघ्यांनी साध्या रांगेत उभी राहणार, आणि माझे सोनेरी कार्ड ठाण्याच्या घरी कपाटात विश्रांती घेणार!

तिचे तिकीट आम्ही स्वस्तातले पाहून ठेवले होते. मध्यरात्री आखातात उतरून चार तासांनी दुसरे विमान. एकटीने, पहिल्यांदाच. मुंबईहून थेट फ्रँकफुर्टला जाणारे विमान अठरा हजारांनी महाग होते. दिल्लीच्या फेऱ्यांचे सव्वीस हजार त्याच संध्याकाळी तिकडे वळले: अठरा हजार थेट तिकिटाला, आणि उरलेल्यात थोडी भर घालून एक जादा बॅग. सौ. मुंबईला विमानात बसली ती लेकीच्या गावीच उतरली. नातीच्या जन्माला आजी आठ दिवस आधीपासून हजर होती. माझे सिल्व्हर कार्ड सिल्व्हरच राहिले.

वाचकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. या खेळाचे नियम एकच बाजू लिहिते, आणि तीच बदलते. पूर्वी किती उडालात ते मोजत. आता किती खर्च केलात ते मोजण्याकडे कल आहे. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून गोल्डसाठी वीस हजार टियर पॉइंटांची अट घातली. तिकिटावरच्या पात्र खर्चाच्या एका पौंडाला एक पॉइंट. आणि कंपनीच बुडाली तर? १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा तिच्या प्लॅटिनम प्रवाशांच्या हाती मानाचे पान राहिले, पण वाढणारे कुणी उरले नाही. उलट कंपन्यांना या योजना किती मोलाच्या आहेत, ते २०२० साली दिसले: महामारीत युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले.

मग हा दर्जा कुणी मिळवावा? ज्याला हापिसच्या खर्चाने महिन्याला तीन-चार वेळा उडावेच लागते, त्याने प्रवास शक्यतो एकाच कंपनीकडे किंवा एकाच संघाकडे ठेवावेत. न मागता गोल्ड येईल, आणि ते जरूर घ्यावे. थकलेल्या माणसाला लाउंजमधली खुर्ची आणि गरम चहा वाईट नसतो. पण दर्जासाठी म्हणून तिकीट काढण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा प्रवास मी एरवी केला असता का? पुढच्या वर्षी माझे प्रवास खरेच इतके आहेत का? आणि या मानाचा उपयोग मला होणार, की ज्याला गरज आहे त्याला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्या वहीत मिळते. ती वही उघडताना समोर गृहिणीला बसवावे, एवढी सूचना मात्र मी अवश्य करीन.