काट्यावरचा आकडा आणि पायातलं बळ
(सेरेब्रल पाल्सी समजून घेताना : भाग ७)

थेरपीला मुलांना घेऊन येणाऱ्या आयांच्या तोंडी दोन तक्रारी नेहमी असतात. लहान मुलाची आई म्हणते, ‘काही केल्या अंगाला लागत नाही हो.’ मोठ्या मुलाची आई कंबर धरून म्हणते, ‘आता मला हा उचलवत नाही.’ मूल किती हालचाल करू शकतं, हे विचारात घेतल्याशिवाय या दोन्हींचं उत्तर मिळत नाही.

ती हालचाल जोखायला जगभर जीएमएफसीएस ही वर्गवारी वापरतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने ती १९९७ मध्ये मांडली. तिच्या पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचं मूल आधाराशिवाय चालतं, जिना चढतं. तिसऱ्या पातळीचं वॉकर किंवा काठ्या घेऊन चालतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरणंही कठीण जातं.

चौथ्या-पाचव्या पातळीवर मोठी काळजी असते ती वजन न वाढण्याची. चावायचे, गिळायचे स्नायूही नीट चालत नाहीत. वाटीभर मऊ भात भरवायला तास लागतो, मध्येच ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या नोंदींवरून २०११ मध्ये प्रत्येक पातळीचे वेगळे वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या मुलांपैकी ज्यांचं वजन त्यांच्या तक्त्यातल्या तळच्या वीस टक्क्यांत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून ‘अशी मुलं बारीकच असतात’ हे वाक्य मला घातक वाटतं, मग ते कुणीही म्हणो. हे तक्ते मुलं कशी वाढली एवढंच सांगतात, कशी वाढायला हवीत ते सांगत नाहीत.

चालणाऱ्या मुलांचं दुखणं निराळं. वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढतं. मांडीच्या कमकुवत स्नायूंचं बळ मात्र त्या वेगाने वाढत नाही. गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलाला प्रत्येक पावलागणिक ते ओझं मांडीवर पेलावं लागतं. चालायला त्याला इतरांपेक्षा मुळातच जास्त ताकद लागते. त्यात वजन वाढलं की दम लागतो, चालणं कमी होतं आणि वजन आणखी चढतं. आखडलेले सांधे, दुखणं हीही कारणं असतातच. पण मायेपोटी हातात दिला जाणारा बिस्किटांचा पुडा आपल्याला आवरता येतो.

मोजायचं कसं? उभं न राहणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बूट, स्प्लिंट आधी काढावेत. पाय आखडलेले असले तर उंचीचा अंदाज गुडघ्यावरून घेतात : गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवून टाचेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं, त्याला २.६९ ने गुणून २४.२ मिळवायचे. अंतर ३५ भरलं तर उंची साधारण ११८ सेंटिमीटर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे सूत्र आहे. बीएमआयवर मात्र विसंबू नये, कारण स्नायू कमी असलेल्या मुलाच्या अंगात चरबी किती, हे त्यातून कळत नाही.

दर महिन्याचं वजन तारखेसह वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टना दाखवा. दोन-तीन महिने वजन हललं नाही किंवा घसरलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

पुढच्या भागात : गिळण्याचा त्रास आणि पोटातल्या नळीचा निर्णय.