पोटॅशियमचा डोस मोजायचा कसा?

पोटॅशियम हा धातू पाण्याच्या संपर्कात येताच पेट घेतो, त्यामुळे औषधात तो नेहमी क्षाराच्या रूपात असतो: क्लोराईड, सायट्रेट, बायकार्बोनेट किंवा ग्लुकोनेट. क्षार बदलला की पोटॅशियमचा वाटाही बदलतो. १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईडमध्ये सुमारे ५२४ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, बायकार्बोनेटमध्ये ३९१, सायट्रेटमध्ये ३६२ आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १६७.

म्हणूनच डॉक्टर पोटॅशियम मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे 'एमईक्यू'मध्ये मोजतात. क्षार कोणताही असो, १ एमईक्यू म्हणजे ३९.१ मिलिग्रॅम पोटॅशियम. क्लोराईडच्या ६०० मिलिग्रॅमच्या गोळीतून ८ एमईक्यू मिळतात, सायट्रेटच्या १०८० मिलिग्रॅमच्या गोळीतून १०. सिरपमध्ये तर फसगत आणखी सोपी. क्लोराईडच्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलिलिटरला दीड ग्रॅम क्षार, म्हणजे २० एमईक्यू असतात. मूतखड्यासाठी दिल्या जाणाऱ्या सायट्रेटच्या सिरपमध्ये बहुधा ५ मिलिलिटरलाच ११०० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे सुमारे १० एमईक्यू असतात. १५ मिलिलिटर घेतले तर ३०. माप तेच, पोटॅशियम दीडपट.

एमईक्यू जुळले म्हणून एकाच्या जागी दुसरे औषध चालते असेही नाही. उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियमबरोबर क्लोराईडही कमी होते आणि रक्त अल्कधर्मी होते; तिथे क्लोराईडच हवे. सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते, त्याने आम्लता कमी होते आणि लघवीतले सायट्रेटही वाढते. कॅल्शियम आणि युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांवर ते उपयोगी पडते ते यामुळेच.

एका मध्यम केळ्यातूनही साधारण १० एमईक्यू पोटॅशियम मिळते. पण ते अन्नाबरोबर सावकाश शोषले जाते. क्लोराईडची गोळी एकाच जागी विरघळली तर जठराच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून ती हळूहळू विरघळेल अशी बनवतात. ती कुटून किंवा चावून खाणे धोक्याचे.

रक्तात पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ एमईक्यू एवढेच असावे लागते. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय बंद पडते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी म्हणूनच विशेष जपावे. 'लो सोडियम' मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराईडच असते. ते घरात आणण्याआधी अशा रुग्णांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.